नॅनोट्यूब बनतात हो, पण ओळीत कुठे राहतात?

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे पोलादाच्या शंभरपट मजबूत आणि वजनाला एकदम हलकी, हे मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय, आणि तेव्हापासून दर दिवाळीला आमचा एक मावसभाऊ मला विचारतो की अरे मग ती तुझी नॅनोट्यूब आहे कुठे, माझ्या बाइकची चेन अजून लोखंडाचीच कशी? प्रश्न रास्त आहे. "महाग पडते" असं सांगून मी वेळ मारून नेतो, पण खरी गोष्ट अशी की नळ्या बनवणं माणसाला केव्हाच जमलंय, त्या कोट्यवधी नळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या करणं आणि ती ओळ न मोडता त्यांना भट्टीतून काढून कशात तरी बसवणं, हे अजून पुरतं जमलेलं नाही. या दुसऱ्या भागावर फारसं कोणी लिहीत नाही, कारण त्यात शंभरपट वगैरे काही नाही, नुसती खटपट आहे. मला मात्र त्या खटपटीतच सगळी मजा वाटते.

आधी काथ्या बघू. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. नारळाची सोडणं पाण्यात कुजवायची, मग झोडायची, की काथ्या सुटतो. त्यातला एकेक तंतू चांगला चिवट असतो, पण ढिगातून मूठभर काथ्या उचलून दोन्हीकडून ओढलात तर काही न तुटता तो नुसता सुटून हातात येतो. तोच मूठभर काथ्या आजी हाताने सारखा करून मांडीवर वळायची, त्याचा सुंभ व्हायचा, आणि त्या सुंभाला म्हैस बांधलेली असायची. तंतू तेच, फक्त सगळे एका दिशेला आणि एकमेकांना घट्ट चिकटून. नॅनोट्यूबचं दुखणं अगदी हेच आहे, फक्त तंतू नॅनोमीटरमधे (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

नळी म्हणजे काय ते पटकन सांगतो. ग्राफाइटचा (पेन्सिलीतलं शिसं) एक अणू जाडीचा पापुद्रा घ्या आणि त्याची सुरळी करा, झाली नॅनोट्यूब. एकच सुरळी असेल तर जाडी साधारण १ ते २ नॅनोमीटर, सुरळीत सुरळी असेल तर १० किंवा त्याहून जास्त. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असतो म्हणजे अंदाज आला असेल. जपानात त्सुकुबाला एनईसी कंपनीच्या लॅबमधे सुमिओ इइजिमा यांनी १९९१ साली या नळ्या छापून आणल्या आणि जगाचं लक्ष गेलं. तशा त्या आधीही दिसल्या होत्या, रशियन लोकांनी १९५२ मधे फोटोसुद्धा छापले होते, पण रशियन भाषेत, शीतयुद्धाच्या काळात, कोण वाचतंय! २००० साली अमेरिकेत रॉडनी रुऑफ यांच्या ग्रुपने एकेक नळी मायक्रोस्कोपखाली पकडून चक्क ताणून तोडली, तेव्हा ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली. उत्तम पोलादी तार दोन-तीन गिगापास्कलला तुटते. म्हणजे वजनाला वजन धरलं तर बढाई खोटी नाही, फक्त ती एका नळीबद्दलची आहे.

आता अशा नळ्यांची काळी पूड विकत मिळते. ती रेझिनमधे (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) ढवळायची, साचा भरायचा, झालं मटेरियल, असं सुरुवातीला खूप लोकांना वाटलं होतं. ज्याने कधी पिठलं केलंय त्याला पुढे काय होतं ते सांगायला नको. नळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की गुठळ्या काही केल्या फुटत नाहीत, थोडं प्रमाण वाढवलं की रेझिन घट्ट होऊन ओततासुद्धा येत नाही, आणि जोर लावून घुसळलं तर नळ्याच मोडतात. बरं समजा गुठळ्या फोडल्या, तरी नळ्या दाही दिशांना पसरलेल्या, ज्या दिशेने ओढ बसते त्या दिशेला त्यातल्या थोड्याच, बाकीच्या आडव्या पडून नुसत्या बघत बसलेल्या. म्हणजे काथ्याचा ढीगच, सुंभ नाही.

म्हणून लोकांनी उलटा विचार केला, की आधी बनवून मग सरळ करण्यापेक्षा उगवतानाच सरळ उगवल्या तर? याला नॅनोट्यूबचं फॉरेस्ट म्हणतात. पेइचिंगमधल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी १९९६ मधे अशा एका दिशेच्या नळ्या दाखवल्या, मग १९९९ मधे स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या ग्रुपने सिलिकॉनवर चौकोनी खांबांसारखे त्यांचे ठोकळेच उगवून दाखवले.

रेसिपी ऐकायला सोपी आहे. सिलिकॉनची चकती घ्यायची म्हणजे वेफर, तिच्यावर साधारण १० नॅनोमीटर अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) थर द्यायचा आणि त्यावर लोखंडाचा फक्त १ नॅनोमीटरचा थर, म्हणजे जेमतेम चार-पाच अणू जाड. हे सगळं क्वार्ट्झच्या लांब नळीत ठेवून भट्टीत ७५० डिग्रीपर्यंत तापवायचं, सोबत हायड्रोजन सोडायचा. तापलं की लोखंडाचा तो सपाट थर फुटतो आणि त्याचे बारीक बारीक मणी होतात, केळीच्या पानावर पाणी शिंपडलं की पसरण्याऐवजी थेंब थेंब होऊन बसतं ना, तसं काहीसं. मग इथिलीन गॅस सोडायचा. इथिलीन लोखंडाच्या मण्यावर तुटतो, त्यातला कार्बन मण्यात शिरतो, आणि मणी तृप्त झाला की तो कार्बन नळीच्या रूपात बाहेर ढकलला जातो. मणी खाली वेफरवरच बसलेला, नळी त्याच्यातून वर वर सरकत जाते. म्हणजे केस वाढतो तशी, मुळाकडून.

पण ती सरळ वर का जाते, आडवी का नाही? तर दाटीमुळे. भाताचा तरवा बघा, रोपं इतकी दाट असतात की पडायला जागाच नसते, एकमेकांच्या आधाराने सगळी उभी. तीच चार रोपं लांब लांब लावली की वाऱ्याने झुकतात. एका चौरस सेंटीमीटरवर हजार कोटी किंवा त्याहून जास्त नळ्या एकदम उगवतात, पहिले काही क्षण त्या गोंधळून इकडेतिकडे वळतात आणि त्याची वर एक गुंतवळीसारखी साय तयार होते, मग त्या सायीला डोक्यावर घेऊन खालून सगळ्या वर चढतात. मणी विरळ पडले, की जंगल नाही, नुसतं खुरटं लव्हाळं. आणि एवढी दाटी म्हणतोय तरी गंमत अशी की साध्या फॉरेस्टमधे नळ्यांनी व्यापलेली जागा फार तर काही टक्के, बाकी सगळी हवाच, आणि मायक्रोस्कोपखाली जवळून बघितलं तर नळ्या ताठ नसतात, अर्धवट विंचरलेल्या कुरळ्या केसांसारख्या असतात. अलाइन्ड, म्हणजे एका दिशेला लावलेल्या, हा शब्द जरा सांभाळूनच घ्यायचा.

मोठी अडचण पुढची. वाढ थोड्या वेळाने थांबते. का, तर मण्यावर काजळी धरते. जो कार्बन नळीत जायला हवा तो मण्याच्या अंगावरच साचतो आणि त्याचं तोंड बंद करतो. शिवाय तापलेल्या मण्यांपैकी मोठे मणी छोट्यांना गिळत जातात, म्हणजे दाटीही कमी होते आणि नळ्यांना आधार राहत नाही. २००४ मधे त्सुकुबाच्याच एआयएसटी या सरकारी संस्थेत केन्जी हाता आणि मंडळींनी यावर जो उपाय काढला तो इतका साधा आहे की हसू येतं, त्यांनी गॅसबरोबर चिमूटभर पाण्याची वाफ सोडली. चिमूटभर म्हणजे दहा लाखात काही शे भाग, बस. वाफेने मण्यावरची काजळी साफ होत राहिली आणि १० मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच जंगल उभं राहिलं, कार्बनची शुद्धता ९९.९८ टक्के, आणि ब्लेडने खरवडलं की सगळं जंगल वेफरवरून अलगद सुटतं. त्याआधी बहुतेक लोक मायक्रॉनमधे (मिलिमीटरचा हजारावा भाग) उंची मोजून खूष होत होते हो! पुढे असंही दिसलं की पाणी त्या गिळागिळीलाही आळा घालतं. एकूण भांडी घासणारी बाई आली आणि स्वयंपाकघर चालू राहिलं.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी, कापराची. पवईच्या आयआयटीत महेश्वर शॅरन यांच्या ग्रुपने नव्वदच्या दशकात कार्बनचा कच्चा माल म्हणून कापूर घेतला, १९९४ साली त्यांनी कापराच्या काजळीतून फुलरीन, म्हणजे फुटबॉलसारखे कार्बनचे रेणू, काढून दाखवले. पुढे जपानात नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापूर आणि फेरोसीन यांची वाफ करून उभ्या दिशेच्या नळ्या उगवल्या. फेरोसीनमधे लोखंड असतं म्हणजे मणी आयतेच तयार होतात, वेगळा थर द्यायची कटकट नाही. आणि कापराच्या रेणूत एक ऑक्सिजनचा अणू असतो, तो काजळी साफ करायला मदत करत असावा असं त्यांचं म्हणणं, म्हणजे केन्जी हाता यांच्या पाण्याचं काम इथे कापूर पदरचंच करतो. आरतीला कापूर जाळल्यावर ताटलीवर जो काळा डाग धरतो तो आई चिंचेने घासून काढायची, तेव्हा कुठे माहीत होतं.

आता माझी फजिती. एका लॅबमधे (नाव नको) मी सहा-सात महिने हेच काम केलं. मे महिन्यात आमच्या भट्टीत जवळजवळ १ मिलिमीटरचं जंगल यायचं, काळं मखमल, बोट लावलं तर बोटाचा ठसा राहील असं. जुलैमधे तीच भट्टी, तीच रेसिपी, तोच माणूस, आणि वेफरवर जेमतेम राखाडी बुरशी. आम्ही सिलिंडरवाल्याशी भांडलो, तो म्हणाला सर्टिफिकेट दाखवू का, भट्टीचं थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) बदललं, दोन आठवडे गेले. शेवटी एक सिनियर शांतपणे म्हणाली की अरे खिडकीबाहेर बघा ना. पावसाळा! दर वेळी वेफर आत ठेवायला नळी उघडायची, तेवढ्यात दमट हवा आत जाते, क्वार्ट्झच्या भिंतीला पाणी धरतं आणि मग गरम झाल्यावर तेच पाणी आपल्याला न विचारता रेसिपीत पडतं. थोडं पाणी अमृत, जरा जास्त झालं की मण्यांची वाट. मग प्रत्येक रनच्या आधी नळी रिकामी भाजून घ्यायला लागलो तेव्हा जंगल परत आलं. आम्हाला वाटत होतं आमचीच लॅब गबाळी, पण जॉन हार्ट यांच्या ग्रुपने २०१३ मधे पुष्कळ रन्सची आकडेवारी मांडून दाखवलं होतं की हवेतला दमटपणा या वाढीत चांगलाच फरक पाडतो. आधी वाचलं असतं तर सिलिंडरवाल्याची माफी मागायला लागली नसती.

असो. जंगल उगवलं, पण ते उभं आहे, १ मिलिमीटर उंच, ९५ टक्क्यांच्या वर हवा. याचं करायचं काय?

एक रस्ता अपघाताने सापडला. २००२ मधे पेइचिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात काइली जियांग, शोशान फान वगैरे मंडळी अशा जंगलातून नळ्यांचा एक पुंजका ओढून काढायला गेली, तर पुंजका न येता सलग धागाच येत राहिला, रेशमाच्या कोशातून यावा तसा. १०० मायक्रॉन उंचीच्या जंगलातून ३० सेंटीमीटर लांब धागा! मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि अजून विसरलो नाही. वेफरच्या कडेला चिमटा लावायचा, हलकेच आडवा ओढायचा, आणि काळ्या मखमलीतून एक धुरकट, जवळजवळ पारदर्शक पट्टी निघायला लागते, श्वास सोडला तरी हलते म्हणून आम्ही सगळे तोंड दुसरीकडे करून उभे. होतं असं की एक पुंजका सुटताना त्याची टोकं शेजारच्या पुंजक्यात अडकलेली असतात, तो त्याला ओढतो, तो पुढच्याला, आणि उभ्या नळ्या एकामागून एक आडव्या होऊन ओढीच्या दिशेने रांगेत लागतात. नळ्यांची जी दिशा आधी उभी होती, ती आता धाग्याच्या लांबीची झाली. पण हे कुठल्याही जंगलाला जमत नाही, दाटी आणि आपसातली गुंतागुंत नेमकी असावी लागते, कमी गुंतल्या तर धागा तुटतो, जास्त गुंतल्या तर ढेकळासकट निघतं.

टेक्सासमधे डॅलसला रे बॉमन यांच्या ग्रुपने २००४ मधे या धाग्याला पीळ दिला आणि २००५ मधे धाग्याऐवजी रुंद चादरच ओढली, मिनिटाला ७ मीटरपर्यंत. ही चादर इतकी विरळ की एक एकर झाकायला सव्वाशे ग्रॅमसुद्धा लागणार नाही. पिळाचं काम सुंभासारखंच, नळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घसरत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण लोकांच्या हट्टाबद्दल वापरतो, पण पीळ म्हणजे धाग्याचा जीव हे ज्याने म्हण केली त्याला पक्कं ठाऊक होतं. मात्र फार पीळ दिला की नळ्या तिरक्या होतात, ओढीच्या दिशेपासून सरकतात आणि ताकद परत उतरते, म्हणजे इथेही मोजूनमापूनच. नुसतं घट्ट करायचं असेल तर आणखी सोपी युक्ती, जंगलावर किंवा चादरीवर अल्कोहोल शिंपडायचं आणि सुकू द्यायचं. सुकताना ते नळ्यांना जवळ खेचतं, ओल्या केसांच्या जशा बटा होतात तसं. एआयएसटीवाल्यांनी असंच द्रव सुकवून जंगल जवळजवळ वीसपट घट्ट केलं.

दुसरे दोन रस्ते जंगलाशिवायचे. केंब्रिजमधे अॅलन विंडल यांच्या ग्रुपने २००४ मधे भट्टीतच नळ्यांचा काळा धूर तयार केला आणि तो जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा सरळ काडीवर गुंडाळून काढला, ओढीनेच नळ्यांना दिशा मिळते. आणि ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मातेओ पास्क्वाली यांनी नळ्या क्लोरोसल्फोनिक आम्लात विरघळवल्या, जे अंगावर पडलं तर काय होईल ते न बोललेलं बरं, पण त्या आम्लात नळ्या एकमेकींना धरायचं सोडतात आणि पुरेशा दाट झाल्या की आपोआप एका दिशेला लागतात. मग ते सोऱ्यातून शेव पाडावी तसं बारीक भोकांतून दाबायचं. या धाग्याची वीज वाहून नेण्याची क्षमता आता तांब्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पोचलीय, कमी वाटेल, पण वजन धरून हिशोब केला तर तो तांब्याच्या जवळ येतो. विमानातल्या किलोमीटरच्या किलोमीटर वायरिंगचा विचार करा म्हणजे लोक मागे का लागलेत ते कळेल.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो उपयोग मात्र वेगळाच आहे, आणि त्यात नळ्या धागा वगैरे काही होत नाहीत, उभ्याच्या उभ्या राहतात. बोइंग ७८७ चं साधारण निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे कार्बन फायबरचे रेझिनमधे भिजवलेले थर एकावर एक रचून भाजलेले. थराच्या दिशेने ते लोखंडाला ऐकत नाहीत, पण थर आणि थर यांच्यामधे फक्त रेझिन असतं. म्हणजे थोडक्यात खारी बिस्कीट. दाबलं तर ठीक, पण आडवा फटका बसला की पापुद्रे सुटतात, आणि विमानात तो सुटलेला पापुद्रा बाहेरून दिसतही नाही. एमआयटीत ब्रायन वॉर्डल यांच्या ग्रुपने उभ्या नळ्यांचं बुटकं जंगल वेफरवरून उचलून दोन थरांच्या मधे ठेवलं, तापल्यावर रेझिन पातळ होऊन नळ्यांच्या मधल्या हवेत शिरतं (ती ९५ टक्के हवा इथे कामाला आली बघा) आणि नळ्या वरच्या-खालच्या दोन्ही थरांच्या फायबरमधे टाके घातल्यासारख्या रुततात. त्याला ते नॅनोस्टिच म्हणतात. खरी सुई घालून शिवलं तर फायबर तुटतात, कारण सुई फायबरपेक्षा कितीतरी जाड, नळ्या मात्र फायबरच्या मधल्या फटीत आरामात मावतात. २००८ च्या पहिल्या चाचण्यांमधे थर सोलून काढायला दीड ते अडीचपट जास्त ऊर्जा लागली.

त्याच ग्रुपने पुढे बघितलं की थरांच्या मधली ही बारीक भोकांची फिल्म रेझिनला स्वतःच शोषून घेते, कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी, आणि त्या ओढीने मधले हवेचे बुडबुडे निघून जातात. एरवी हे बुडबुडे दाबायला विमानाचे भाग ऑटोक्लेव्हमधे घालावे लागतात, म्हणजे घराएवढा प्रेशर कुकर. तो कुकरच नको झाला तर काय वाचेल, हिशोब करा. ताकदीच्या हेडलाइनपेक्षा मला हे जास्त खरं वाटतं, आणि यात नळी पोलादाच्या शंभरपट मजबूत असायचीही गरज नाही, नुसती बारीक आणि उभी असली की पुरे.

काळ्या रंगाचं सगळ्यांनी ऐकलंच असेल, व्हँटाब्लॅक, तेही उभं जंगलच, प्रकाश आत शिरतो आणि नळ्यांमधे आपटत आपटत संपतो, २०१४ मधे ९९.९६५ टक्के शोषल्याचा दावा होता. गुरूकडे गेलेल्या जुनो यानावरही नॅनोट्यूबच्या चादरी आहेत, स्थिर वीज साचू नये म्हणून. स्पेस एलिव्हेटरबद्दल, म्हणजे दोरावरून अवकाशात जायच्या लिफ्टबद्दल, मला विचारू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. नळ्या लांब, ताठ आणि सुट्या असल्या तर शरीरात अॅस्बेस्टॉससारख्या वागू शकतात, २००८ मधे उंदरांच्या पोटात नळ्या टोचून केलेल्या प्रयोगांत हे दिसलं आणि एका ठराविक प्रकारच्या नळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने "कदाचित कर्करोगकारक" गटात टाकलंय. रेझिनमधे बंद झाल्यावर प्रश्न कमी, पण खरवडताना, कापताना मास्क आणि हूड हवाच. आम्ही पहिल्या महिन्यात उघड्या टेबलावर ब्लेडने खरवडायचो, आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

राहिला प्रश्न कारखान्याचा. वेफर भट्टीत घाला, तापवा, उगवा, थंड करा, काढा, हे एकेक करून मावसभावाची चेन काही होणार नाही. जपानच्या झिऑन कंपनीने केन्जी हाता यांची पाण्याची रीत घेऊन २०१५ च्या नोव्हेंबरात तोकुयामाला मोठ्या प्रमाणात उत्पादन चालू केलं. आणि वाढ मधेच थांबते त्यावर तोक्योच्या वासेदा विद्यापीठाने २०२० मधे कमाल केली, कॅटॅलिस्टमधे (म्हणजे मणी बनवणाऱ्या थरांमधे) गॅडोलिनियम या धातूचा थर दिला आणि वाढ चालू असतानाच लोखंड आणि अॅल्युमिनियमची वाफ अगदी थोडी थोडी सोडत राहिले, म्हणजे झिजणाऱ्या मण्यांना वरून खुराक. २६ तास जंगल वाढत राहिलं आणि १४ सेंटीमीटर उंच झालं, हाताच्या पंजाएवढं जवळजवळ. आमच्याकडे १ मिलिमीटर आलं की ज्याचा रन असेल तो सगळ्यांना चहा पाजायचा.